चौथी कडी

१ मार्च १९५४, सोमवार. सकाळी ६

आजपासून रोजनिशी नियमित. मागची वही जानेवारीच्या चार तारखेला थांबली, त्याला कारणं होती.

येत्या चौदा तारखेला, रविवारी, बायको कुमुदिनी माहेराहून, पेणहून येणार. बाळ घेऊन. आमच्या सुनंदाला तीन महिने पूर्ण होतात. मी तिला एकदाच पाहिलंय, बारशाला, आणि तेव्हा ती झोपली होती. त्यामुळे आमची खरी ओळख अजून व्हायची आहे.

तोपर्यंत करायचं काम एकच. माळ्यावरून आजोबांचा पाळणा खाली काढणे. सागवानी, कातीव दांड्यांचा, लाखेचा रंग अजून शाबूत. आजोबा त्यात झोपले, वडील झोपले, मी झोपलो. कुमुदिनीने जाताना दोनदा बजावलंय की आल्या दिवशी पाळणा टांगलेला हवा. हे काही काम आहे? अर्धा तास.

३ मार्च, बुधवार

माळ्यावर चढून पाळणा पाहिला. आहे. धूळ बरीच.

एक तांत्रिक प्रश्न. छताच्या दोन कड्यांमध्ये (कड्या म्हणजे कडीपाटाची आडवी लाकडं) माळ्याचं तोंड ठेवलंय, ते दीड फूट. पाळणा दोन फूट एक इंच. दोन वर्षांपूर्वी कुळगावात हे घर भाड्याने घेतलं तेव्हा कुमुदिनीनेच जयदेव सुताराकडून तो वर चढवून घेतला होता. मी कारखान्यात होतो. कसा चढवला हे विचारायचं राहिलं. पण ज्याअर्थी वर गेला त्याअर्थी खाली येईल. जयदेवला विचारता येईल, पण अंबरनाथच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात सात वर्षं नकाशे उतरवणारा ट्रेसर असलेल्या माणसाने सुताराला विचारायचं?

रविवारी बघू.

७ मार्च, रविवार. दुपारी ३

पाळणा खाली आला! एक ओरखडा नाही.

प्रथम सरळ, मग आडवा, मग तिरपा करून पाहिला. अडचण चौथ्या कडीची होती. ती नको तिथे होती. गेल्या वर्षी हौसेने करवत घेतली होती, तिचा उपयोग झाला. कडीचा दोन फुटांचा तुकडा काढावा लागला. वरच्या दोन फळ्याही. एका कडीने घर पडत नसतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६

पाळणा टांगायला गेलो. टांगायचे दोन्ही लोखंडी हूक चौथ्या कडीत होते. एक वर उरलेल्या कडीत आहे. दुसरा मघाच्या तुकड्यात, तो तुकडा माझ्या मांडीवर आहे.

उरलेल्या कडीची मोठी बाजू एका भिंतीला धरून लोंबते आहे. संध्याकाळपर्यंत थोडी खाली आली. किंवा मला तसं वाटतं.

मघाशी वरची फळी पडली, तिच्या आवाजाने घरमालक हरिचंद्र धावत आला. काय झालं म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, वाळवी. का निघालं, सांगता येत नाही. एकदा निघालं ते निघालं. तो वर पाहायच्या आत मी त्याला चहा विचारून ओटीवर नेलं.

८ मार्च, सोमवार

पेणला कार्ड टाकलं. सर्व कुशल, पाळणा काढला, छताला किरकोळ वाळवी लागली होती ती मी हाताळतो आहे. बायकोपासून काही लपवू नये असं माझं मत आहे.

९ मार्च, मंगळवार

हरिचंद्र आणि त्याची बायको वेणू बॅटरी घेऊन आले. तो फारच दुखावलेला दिसला. म्हणाला, "साहेब, यो लाकूड ऐनाचा हाय. माजे बापाशीनं सोता डोंगरावरशी आनलेला. चालीस वर्सं झाली, याला वालवी नाय लागली. तुमी आले न् लागली?" सगळ्या कड्या काठीने ठोकून पाहिल्या. ठण ठण आवाज. चौथीच्या दोन्ही तोंडांना मी आधीच फडकं गुंडाळून ठेवलं होतं. औषध लावलंय, उघडायचं नाही म्हणून सांगितलं.

वेणू कोपऱ्यातला भुसा चिमटीत धरून बघत होती. म्हणाली, वाळवी माती करते, भुसा नाही करत. मी म्हणालो, ही अंबरनाथच्या आगकाड्यांच्या कारखान्याकडची जात आहे, तिथल्या लाकडावर पोसलेली. दोघं एकमेकांकडे बघत गेली.

खेडवळ माणसांना शास्त्र सांगून उपयोग नसतो.

१२ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ७

अण्णांचं कार्ड. अण्णा म्हणजे माझे सासरे. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं ओव्हरसियर होते आणि निवृत्त झाले हे त्यांना कोणी अजून सांगितलेलं नाही. लिहितात: वाळवी किरकोळ कधीही नसते. जिथे एक कडी गेली तिथे बाकीच्या आतून पोकळ असतात. तान्ह्या मुलीला असल्या छताखाली पाठवणे नाही. रविवारचं येणं रद्द. छत निर्धोक झाल्याचं कळवावं, मग बघू, नाहीतर पावसाळ्यानंतर.

पावसाळ्यानंतर!

समासात कुमुदिनीच्या बारीक अक्षरात एकच ओळ. "पाळणा नेमका कसा काढलात?"

जेवण गेलं नाही. दुपट्यांना कालच इस्त्री करून आणली होती. सात दुपटी. ती ट्रंकेत ठेवली.

१३ मार्च, शनिवार

खचून चालणार नाही. संकल्प: आठ दिवसांत छत पूर्ववत करणे, मग पेणला कळवणे की वाळवी बरी झाली. कोणाला काही कळायचं कारण नाही.

कारखान्यातून सुटल्यावर सरळ जयदेवकडे. सहज विषय काढला. समजा एखाद्याच्या छताची एक कडी मधूनच गेली, तर काय करतात? रंधा न थांबवता म्हणाला, दोन बाजूच्या चांगल्या कड्यांमध्ये आडवी लाकडं ठोकायची, तुटकी टोकं त्यांत बसवायची, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त एकदा येऊन बघावं लागेल.

हीच तर मेख. बघितलं की करवतीच्या खुणा दिसणार. सुताराला दिसणार, म्हणजे हरिचंद्राला दिसणार, म्हणजे गावाला. म्हणालो, माझ्या घरचं नाही, एका मित्राचं आहे. तो म्हणाला, मित्राला सांगा, खाली झोपू नको.

रात्री ओटीवर झोपणार आहे. हवा चांगली आहे.

१४ मार्च, रविवार

आज त्या येणार होत्या.

लवकर उठून ड्रॉइंग काढलं. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. ट्रेसिंग क्लॉथवर, शाईने. खाली नाव घातलं: 'चतुर्थ कडी दुरुस्ती, नकाशा क्रमांक १'. इतकं सुबक झालं की पाहून धीर आला. अडचण एवढीच, की ते वर लावता येत नाही.

मग उल्हासनगर. जुन्या लष्करी बराकी मोडून निघालेलं लाकूड तिथे मिळतं. तीन नंबर कॅम्पात हासोमल नावाचा व्यापारी. मी कडीचं माप सांगितलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साईं, ये मिलिट्री का माल है. बर्मा टीक. आपका घर गिरेगा, ये नहीं गिरेगा." मला हा शकुन चांगला वाटला नाही, पण लाकूड उत्तम सागाचं. एकसंध, सरळ. गवत उतरवून कुळगाववरून बदलापूरला परतणाऱ्या एका बैलगाडीवर ते टाकलं आणि मीही त्यावर बसून आलो. वाटभर लाकूड धरून बसलो होतो. आज हातात दुसरंच काही असायचं होतं.

घरी पोचल्यावर लक्षात आलं, लाकूड दारातून आत जातं, पण ओटीवरून माजघरात वळत नाही. अंगणात कुंपणापाशी ठेवलं.

१५ मार्च, सोमवार

सकाळीच हरिचंद्र. कुंपणापाशी हे काय म्हणाला. नवी कडी आणली म्हणालो असतो तर त्याने आत्ताच्या आत्ता जयदेवला हाक मारली असती. त्याचंच घर आहे, त्याचा हक्कही आहे. म्हणून म्हणालो, ही छतातून काढलेली वाळवीची कडी.

त्याने लाकडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, एवढी लांब काढली? मी म्हणालो, मुळापासून काढावी लागते.

वेळेवर सुचतं, हा माझा गुण आहे.

१७ मार्च, बुधवार. रात्री ८

चौथीचा भार आता पाचव्या कडीवर आलाय. ती मधे अर्धा इंच वाकली. बांबूचे तीन टेकू लावले होते, पण त्यांतून वाट काढताना मान वाकवावी लागते आणि आपल्याच घरात आपण कोणाच्या तरी पाया पडतोय असं वाटतं.

कारखान्यातून स्क्रू जॅक आणला. परवानगी मिळालीच असती, म्हणून विचारली नाही. पाचवीखाली लावला. एक पीळ दिला, कडी वर. दुसरा पीळ, आणखी वर. सुरेख. तिसरा द्यायला नको होता, हे आता कळतं.

आवाज मोठा झाला. पाचवी कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली. वरून मेतकुटाचा डबा पडला. मी जमिनीवर बसलो. डोक्यात मेतकूट. बराच वेळ उठलो नाही.

आता दोन कड्या. पंधरा दिवसांपूर्वी या घरात काहीही बिघडलेलं नव्हतं.

२० मार्च, शनिवार

हे लिहायचं जिवावर आलंय.

काल होळी. मनावरचं ओझं जरा कमी व्हावं म्हणून गेलो. नारळ टाकला. पुरणपोळीचा नैवेद्य वेणूनेच दिला होता, तो दाखवला. बोंबही मारली, चांगली खणखणीत, पंधरा दिवसांची साठलेली होती. होळी या वर्षी विलक्षण पेटली होती. शेजारच्या माणसाला मी स्वतः म्हणालो की मधलं ते लाकूड पाहा, काय संथ, एकसारखं जळतंय, अस्सल साग दिसतो.

आज सकाळी कुंपणापाशी लाकूड नाही.

होळीला कोणाचंही लाकूड उचलतात, ते गृहीत धरलंच होतं. म्हणून तर हरिचंद्राला सांगून ठेवणार होतो की अंगणात लक्ष असू दे. तोच हसत आला. म्हणाला, "साहेब, तुमची ती वालवीची कडी मीच दिली होलीला. चौघांनी उचलली. आता वालवीचा वंश नाय राहिला. बायकोला, पोरीला खुशाल आना." वर म्हणाला, उपकार मानू नका.

मी उपकार मानले. दुसरं काय करणार?

२२ मार्च, सोमवार

कारखान्यात लक्ष नाही. एका बॉयलरच्या नकाशावर पाळणा काढून ठेवला होता. साहेबांनी विचारलं हे काय. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणालो. पुसायला लावला.

पेणला कार्ड टाकलं: वाळवी जाळून समूळ नष्ट केली. घरमालक साक्षीला. आता यावं. यातलं एक अक्षर खोटं नाही, असं हरिचंद्रही सांगेल.

छताचं काय ते त्या येईपर्यंत पाहू. पडद्याचं कापड आणून छतालाच लावलं तर? खालून दिसणार नाही. मोठ्या घरांतून असतं तसं.

२३ मार्च, मंगळवार

छताला पडदा लावला. मधोमध फुगा येतो, लोंबत्या कडीचा. त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण सोडलं. आता छताचं लग्न असल्यासारखं दिसतंय.

२६ मार्च, शुक्रवार

अण्णांचं कार्ड. "वाळवी जाळून जात नाही. छत मी स्वतः तपासतो. रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो आहे. एकटा."

समासात काही नाही. कार्ड उलटसुलट करून पाहिलं. नाहीच.

२७ मार्च, शनिवार

आजारी पडावं असं ठरवलं होतं. ताप आला नाही. एरवी येतो.

२८ मार्च, रविवार. संध्याकाळी ५

अण्णा येऊन गेले.

आले, पाणी प्यायले, वर पाहिलं. तोरणाकडे बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून, धोतर खोचून चढले आणि पडदा एका हिसक्यात ओढला. खिशातून घडीची फूटपट्टी काढली, चौथीच्या दोन्ही तोंडांचं माप घेतलं, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. खाली उतरले आणि म्हणाले, "दिनानाथराव, ही वाळवी डावखुरी आहे."

मी डावखुरा आहे.

मग त्यांनी हरिचंद्राला बोलावलं, हरिचंद्राने जयदेवला. तिघं माझ्या माजघरात मान वर करून उभे राहिले. वेणू दारात. मी कुठे उभं राहावं हे कळेना, म्हणून पाळण्याजवळ राहिलो. हरिचंद्र रागावेल असं वाटत होतं. रागावला नाही. नुसतं म्हणाला, बापाशीच्या लाकडाला नाव ठेवलंत साहेब, कापली म्हनाले असते तर काय झालं असतं? त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

जयदेवने विचारलं, पण कापली कशाला? पाळणा निघेना म्हणून, मी म्हणालो. तो खाली बसला, पाळण्याच्या चार कोपऱ्यांतल्या चार खुंट्या हाताच्या तळव्याने ठोकून काढल्या, आणि पाळणा सुटला. दांड्या, चौकट, तळ. सगळ्याची मोळी करून त्याने काखेत मारली. माळ्याच्या जुन्या तोंडातून असले दोन पाळणे एकदम गेले असते. म्हणाला, असाच तर वर नेला होता. सुटा पाळणा ठेवू नये, असं वैनी बोलल्या, म्हणून वर नेऊन परत जोडला. वैनींनी सांगितलं नाही?

सांगितलं असेल. कुमुदिनी बोलत असते तेव्हा मी बहुधा विचार करत असतो.

अण्णांनी निकाल दिला. जोडकाम नाही, पाळणा टांगायचा आहे, चौथी अख्खी नवी, पाचवीला बाजूने दुसरं लाकूड. हरिचंद्राच्या गोठ्यात ऐनाची एक जुनी कडी आहे, ती द्यायला तो तयार झाला. जाताना अण्णांना विचारलं, कुमुदिनीला काय सांगणार? म्हणाले, छत पाडव्यापर्यंत होईल एवढं सांगतो. बाकीचं तुमचं तुम्ही सांगा.

३१ मार्च, बुधवार

मी कारखान्यातून आलो तेव्हा छत झालेलं होतं. दीड दिवस लागला. हूक नव्या कडीत, पाळणा जयदेवने पुन्हा जोडलेला. माळ्याचं तोंड पुन्हा दीड फूट. जयदेव दोन्ही हुकांना लोंबकळला, कडी हलली नाही. मला म्हणाला, तुम्ही पण लोंबकळून बघा. मी लोंबकळलो.

जॅक परत केला. कोणी विचारलंच नव्हतं.

कुमुदिनीला सांगायचा मजकूर तयार केला आहे. सुरुवात हवामानापासून आहे.

४ एप्रिल, रविवार. गुढीपाडवा

आल्या. अण्णाही पोचवायला आले.

कुमुदिनी ओटीवर चढली. वेणूने भाकरतुकडा ओवाळून टाकला. सुनंदा जागी होती. तिने मला पाहिलं आणि जी रडायला लागली, ती वेणूने घेतल्यावर थांबली.

अण्णा गुढी बघायला अंगणात गेले, तेव्हा म्हटलं आता सांगून टाकू. हवामान विसरलो. म्हणालो, वाळवी नव्हती. ती ट्रंकेतली दुपटी काढत होती. म्हणाली, माहीत आहे. पहिल्याच कार्डावरून. ऐनाच्या लाकडाचं वेणूवहिनींनी घर घेतलं तेव्हाच सांगितलं होतं. आणि तुम्ही किरकोळ लिहिलंत की काहीतरी मोठं असतं. मी विचारलं, मग समासात तसं का नाही लिहिलंस? म्हणाली, विचारलं होतं की, कसा काढलात. तुम्ही कापली असं एक वाक्य लिहिलं असतंत, तर अण्णांना समजावून चौदा तारखेलाच आले असते. ओटीवर झोपलो असतो तिघं. मी वाट बघत होते.

मग दुपट्याची घडी घालत म्हणाली, सतरा तारखेला बुधवारी दिवेलागणीला ही पहिल्यांदा पालथी पडली. सगळ्यांकडे मान उचलून बघत होती. तुम्ही असायला हवं होतंत.

मागची पानं उलटून पाहिली. सतरा मार्च, बुधवार. जॅक. मेतकूट.

ते काही आता पुन्हा होणार नाही. पालथं पहिल्यांदा एकदाच पडतात.

५ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७

पाळणा टांगला होता. तोरण तेच. सुनंदाला त्यात घातलं. रडली. झोका दिला, आणखी रडली. कुमुदिनी म्हणाली, पेणला तिला लुगड्याच्या झोळीची सवय लागली, हे तीन आठवडे जास्त राहिलो ना, त्यात. तिने जुनं लुगडं ओटीच्या तुळईला बांधलं, आणि सुनंदा झोपली. तीन पिढ्यांच्या सागवानाकडे ढुंकून पाहिलं नाही.

मी झोळीची दोरी धरून पाऊण तास बसलो. तिने झोपेत माझं बोट धरलं. मला हलता येईना. हलायचं नव्हतंही.

मग कुमुदिनी म्हणाली, रिकामा पाळणा टांगून ठेवू नये, वर टाका. जोडलेलाच असू दे. खुंट्यांचं तेवढं जयदेवला विचारा.

यात जयदेवला काय विचारायचं? खुंट्या मी बघितल्या आहेत. दोन निघाल्या. उरलेल्या दोन निघत नाहीत, बहुधा जयदेवने मुद्दाम घट्ट ठोकल्यात. म्हणजे पाळणा अख्खाच न्यायला हवा. पाळणा दोन फूट एक इंच, तोंड दीड फूट. प्रश्न फक्त सात इंचांचा आहे.

करवत घरभर शोधली. अण्णा पेणला घेऊन गेले आहेत.